आयएसएलचा पैसा, सरकारचं अनुदान आणि नेरुळच्या क्लबची फाइल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नेरुळमध्ये आमची नोंदणीकृत क्रीडा संस्था आहे. दहा ते सतरा वर्षांखालील गटांत मिळून सव्वाशे मुलं-मुली फुटबॉल खेळतात. आयएसएल अडकली तेव्हा सरकारने ती सुरू करून दिली असं वाचलं. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा सरकारी पैशावर चालतात का? चालत असतील तर तो पैसा आमच्यापर्यंत का येत नाही, आणि यावा म्हणून आम्ही काय करायचं?"

आधी सरळ उत्तर. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही देशातली सर्वोच्च क्लब लीग, सरकारी पैशावर चालत नाही. संतोष ट्रॉफी, वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धा आणि राष्ट्रीय संघांची शिबिरं यांच्यासाठी केंद्राचं अनुदान मिळतं, पण ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला (एआयएफएफ) मिळतं आणि ठरलेल्या शीर्षांखालीच, म्हणजे मंजूर झालेल्या बाबींवरच, खर्चावं लागतं. तुमच्या क्लबच्या वाट्याला येऊ शकणारा सरकारी पैसा तिसऱ्याच वाटेने येतो. ती वाट राज्य, जिल्हा आणि महापालिका अशी आहे. दिल्लीकडे पाहत बसलात तर ती हातची जाईल. या वाटेवर पैसा अडतो तो निधी संपल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा संस्थेचे कागद अपुरे असतात म्हणून अडतो. त्यामुळे उत्तराचा मोठा भाग कागदांवर आहे, पण वरची रचना नीट कळल्याशिवाय खालचे नियम कुठून आले ते कळत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खेळ हा विषय राज्यसूचीत, 33व्या नोंदीत आहे. मग केंद्राचा अधिकार येतो कुठून? तो मान्यतेतून येतो. क्रीडा मंत्रालय प्रत्येक खेळाच्या एका राष्ट्रीय महासंघाला मान्यता देतं. ती मान्यता असेल तरच अनुदान मिळतं आणि 'भारत' या नावाने संघ पाठवता येतो. कितीतरी वर्षं हे सगळं 2011च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेवर चाललं, आणि ती संहिता म्हणजे कायदा नव्हता. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. मान्यतेसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वादांसाठी न्यायाधिकरण आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र पॅनेल अशी त्याची मांडणी आहे. कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 जण असावेत, त्यांत किमान 4 महिला असाव्यात आणि नामवंत खेळाडूंना जागा असावी, हे आता कायद्यात आहे.

दुसऱ्या बाजूला फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना आहे. राष्ट्रीय महासंघाने आपला कारभार स्वतंत्रपणे चालवावा, बाहेरच्या कुणाचा त्यात हात नसावा, ही फिफाच्या सदस्यत्वाचीच अट आहे. ही अट किती कडक आहे ते 2022मध्ये दिसलं. एआयएफएफच्या कार्यकारिणीची मुदत डिसेंबर 2020मध्ये संपली होती, निवडणूक लांबत गेली, आणि 18 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला. 15 ऑगस्टला फिफाने 'तिसऱ्या पक्षाचा प्रभाव' असं कारण देऊन भारताला निलंबित केलं. गोकुलम केरळचा महिला संघ तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. सराव झालेला, सामने समोर, पण मैदानात उतरता आलं नाही. 26 ऑगस्टला निलंबन उठलं आणि 2 सप्टेंबरला निवडणूक झाली. तुमच्या घराजवळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 30 ऑक्टोबर 2022 रोजी 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं. निलंबन कायम राहिलं असतं तर ती स्पर्धा भारताच्या हातून गेली असती.

तर सरकारला काय करता येतं? मान्यता रोखता येते, अनुदान थांबवता येतं, हिशेब मागता येतो, सगळ्यांना एका टेबलावर बसवता येतं. स्वतःची माणसं महासंघावर नेमता येत नाहीत. 'सरकार पैसे देतं तर सरकारच का चालवत नाही', असं पालक नेहमी विचारतात. सरकारने तसं केलं तर वयोगटातल्या मुलांपासून राष्ट्रीय संघापर्यंत सगळ्यांचा आंतरराष्ट्रीय फुटबॉल बंद पडेल.

त्याच मुलींच्या विश्वचषकात सरकारी पैसा नेमका कशासाठी आला, ते पाहण्यासारखं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने यजमानपदाच्या हमीपत्रांना मंजुरी दिली आणि महासंघाला 10 कोटी रुपयांचं साहाय्य मान्य केलं. त्याचे शीर्ष होते खेळपट्टीची देखभाल, स्टेडियमची वीज व केबल, स्टेडियम आणि सरावाच्या जागांवरची सजावट. सरकारी पैशाला नेहमी असा शीर्ष चिकटलेला असतो. वीज या शीर्षाखाली आलेल्या रुपयातून खेळाडूचे बूट घेता येत नाहीत, मग गरज कितीही खरी असो. तुम्हाला पन्नास हजार मिळाले तरी हाच नियम लागतो. छोट्या संस्था सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

आता आयएसएल. डिसेंबर 2010मध्ये एआयएफएफने आपले व्यावसायिक हक्क आयएमजी-रिलायन्सला 15 वर्षांसाठी दिले. पुढे ते एफएसडीएल या कंपनीकडे गेले. तिने 2014मध्ये आयएसएल सुरू केली आणि हक्कांच्या बदल्यात महासंघाला वर्षाला 50 कोटी रुपये मिळू लागले. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमधून पैसा महासंघाकडे यायचा आणि महासंघ त्यातून खालच्या स्पर्धा, पंच, प्रशिक्षक अभ्यासक्रम आणि कार्यालय चालवायचा. करार 8 डिसेंबर 2025ला संपणार होता. त्याच सुमाराला महासंघाच्या नव्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, त्यामुळे नूतनीकरण अडलं आणि जुलै 2025मध्ये लीगचा हंगाम थांबवला गेला. 19 सप्टेंबरला न्यायालयाने घटना मंजूर केली. तिच्यात सर्वोच्च लीग महासंघाच्या मालकीची असेल, महासंघच ती चालवेल आणि तिच्यात बढती-घसरण असेल (तळाचा संघ खालच्या लीगमध्ये जाईल, खालचा वर येईल), असं आहे. त्यानंतर हक्कांसाठी निविदा निघाली, वर्षाला किमान 37.5 कोटी किंवा एकूण उत्पन्नाच्या 5 टक्के, यातलं जे जास्त असेल ते. एकही बोली आली नाही.

माझ्या मते त्याचं कारण त्या आकड्यातच आहे. निर्णयाचे बहुतेक अधिकार महासंघाकडे राहणार, घसरणीमुळे क्लबची किंमत वर्षागणिक हलणार, आणि तरीही रकमेची हमी मात्र खासगी भागीदाराने द्यायची, असा तो सौदा होता. लीगवर महासंघाची मालकी असावी हे तत्त्व बरोबरच आहे. पण मालकी घेतली की तोट्याची जोखीमही घ्यावी लागते, आणि ती पेलायला तिजोरीत काही शिल्लक लागते.

6 जानेवारी 2026 रोजी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी 14 फेब्रुवारीपासून 14 क्लबांची लीग सुरू होईल असं जाहीर केलं. यावरून 'सरकारने लीग चालवली' असा समज झाला. सरकारने मध्यस्थी केली. खर्चाची विभागणी महासंघ आणि क्लब यांच्यात ठरली, आणि व्यावसायिक भागीदार मिळेपर्यंत त्याचा वाटाही महासंघाने उचलायचा असं ठरलं. खर्च कसा आटोक्यात आणला ते सामन्यांच्या गणितात दिसतं. 14 संघ एकमेकांशी दोनदा खेळले तर 182 सामने होतात, एकदाच खेळले तर 91. सामना कमी झाला की दोन संघांचा विमानप्रवास, हॉटेल, प्रक्षेपणाची गाडी आणि सुरक्षा, सगळंच कमी होतं. वेळ आणि पैसा दोन्ही अपुरे असताना सामने निम्मे करणं हाच मार्ग होता.

संतोष ट्रॉफी मात्र वेगळी. ती 1941पासून राज्य संघटनांच्या संघांमध्ये खेळली जाते, तिच्यात क्लब नसतात. अशा स्पर्धा आणि राष्ट्रीय शिबिरं 'एसीटीसी'त येतात. एसीटीसी म्हणजे प्रशिक्षण आणि स्पर्धांचं वार्षिक कॅलेंडर. महासंघ वर्षाचं कॅलेंडर आणि शीर्षनिहाय अंदाजपत्रक मांडतो, मंत्रालय आणि भारतीय क्रीडा प्राधिकरण (साई) त्यावर बसून कापाकापी करतात आणि मंजूर बाबींनाच पैसा देतात. फुटबॉलची ही रक्कम 2019-20मध्ये 30 कोटी होती, 2022-23मध्ये ती 5 कोटींवर आली. मैदानावरची कामगिरी आणि कारभारावरचा विश्वास, दोन्ही घसरले की कात्री अशी लागते. याशिवाय फिफाच्या 'फॉरवर्ड' योजनेतून 2023 ते 2026 या चार वर्षांत प्रत्येक सदस्य महासंघाला 80 लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात, 50 लाख चालू खर्चाला आणि 30 लाख प्रकल्पांना. यातला कुठलाही पैसा नेरुळच्या क्लबला थेट मिळत नाही. तुम्हाला तो मिळतो सेवांच्या रूपाने, म्हणजे वयोगटाची लीग, पंचांचा वर्ग, प्रशिक्षकाचं डी लायसन्स. तोही राज्य आणि जिल्हा संघटनेमार्फत येतो, म्हणून संलग्नता लागते.

संलग्नता घेताना नवी मुंबईकरांकडून एक चूक फार होते. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये येतात. तुमचं नोंदणीकृत कार्यालय नेरुळला असेल तर संलग्नता ठाणे जिल्ह्याच्या संघटनेची, तिच्यावर राज्याची संघटना विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), आणि विफाच्या वर एआयएफएफ. सराव खारघरच्या मैदानावर होतो म्हणून रायगडकडे अर्ज करायचा नसतो. संस्थेचा पत्ता पाहतात, मैदानाचा नाही.

शाळांची शिडी याहून पूर्ण वेगळी आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि क्रीडा व युवक सेवा संचालनालय ती चालवतात. सुब्रतो कप (1960पासून) आणि शालेय स्पर्धा तिच्यात येतात, आणि तिथे महापालिका क्षेत्र हे स्वतंत्र 'जिल्हा' म्हणून धरलं जातं. म्हणून नवी मुंबईचा शालेय विजेता संघ ठाणे ग्रामीणशी न खेळता थेट विभागीय स्पर्धेला जातो. या शिडीवर प्रवेश शाळेच्या नावाने होतो, क्लबच्या नावाने नाही. तुमची बारा मुलं एकाच शाळेत असतील तर त्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांशी बोलून संघ शाळेचाच उतरवा, प्रशिक्षण तुम्ही द्या. क्लबच्या नावाने शालेय स्पर्धेच्या अनुदानाचा अर्ज केलात तर तो परत येईल, आणि ते नियमाला धरूनच असेल.

मुलांची नोंदणी महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत होते. इथे जन्मदाखला आणि आधार यांवरच्या तारखा अक्षरशः एकच हव्यात. दाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. नोंदणी जन्मानंतर खूप वर्षांनी झालेली असेल तर वयाबद्दल शंका येणारच, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला किंवा पहिलीच्या प्रवेशाचा उतारा सोबत ठेवा. मुलगा आधी दुसऱ्या क्लबकडे नोंदलेला असेल तर तिथून सोडल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. हे काम स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात होत नाही, हंगाम संपला की लगेच करा.

आता मुख्य गोष्ट, फाइल.

महाराष्ट्रात क्रीडा संस्था सहसा 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेली असते. दुसऱ्या नोंदणीचा क्रमांक 'एफ' ने सुरू होतो. कुठलंही सरकारी कार्यालय, बँक किंवा कंपनी तुमचं लेटरहेड पाहून तुम्हाला ओळखत नाही. ती पाहते 'परिशिष्ट एक'चा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत. तुमच्या सर्वसाधारण सभेने तीन वर्षांपूर्वी नवा अध्यक्ष निवडला, पेढे वाटले, फलकावर नाव लागलं, पण कलम 22 खालचा बदल अहवाल (सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात) मंजूर झाला नाही, तर नोंदवहीत जुनाच अध्यक्ष आहे. अर्जावर सही नव्याची, उताऱ्यावर नाव जुन्याचं. फाइल तिथेच थांबते.

चेंज रिपोर्ट बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असतो. ठाणे जिल्ह्यातल्या संस्थांचं काम ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात चालतं, रायगडच्या संस्थांचं अलिबागला. सोबत काय लावायचं? सभेची सूचना आणि ती सदस्यांना पोहोचल्याचा पुरावा, हजेरीपट, इतिवृत्ताची प्रत, निवडून आलेल्यांची संमतिपत्रं, बाहेर पडलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले, आणि प्रतिज्ञापत्र. अहवाल अडतात ते बहुधा सूचनेच्या मुदतीवर. घटनेत '15 दिवस आधी सूचना' लिहिलेलं असतं आणि सभा दहाव्या दिवशी घेतलेली असते. त्याखालोखाल सदस्य नोंदवही. वर्गणीच्या पावत्या फाडलेल्या असतात, पण नोंदवहीत नावं चढवलेली नसतात, मग मतदानाला हजर असलेले 31 जण सदस्य होते हे सिद्धच होत नाही.

मागचे दोन-तीन अहवाल राहिले असतील तर थेट ताजा अहवाल देऊन चालत नाही. जुन्यापासून क्रमाने द्या, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. उशीर माफ करण्याचा अधिकार कार्यालयाला आहे, खर्चाची रक्कम भरायला लावतात. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही. मधल्या काळात अनुदानाचा अर्ज करायचाच असेल तर उताऱ्यावर ज्यांची नावं आहेत आणि जे अजून संस्थेत आहेत, त्यांच्याच सहीने करा. ठरावात तसं स्पष्ट लिहा.

याच्या जोडीला तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल लागतात. 31 मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, सीएचा अहवाल धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. पॅन संस्थेच्या नावाचं हवं, बँक खातंही संस्थेच्याच नावाचं, दोन सह्यांचं. केंद्राच्या कुठल्याही योजनेकडे जायचं तर एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा ओळख क्रमांकही काढून ठेवा.

अनुदान कुठे मागायचं? जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे क्रीडांगण विकास अनुदानासारख्या योजना आहेत, पण त्यासाठी जागेचा हक्क दाखवावा लागतो. नवी मुंबईत जमीन मुळात सिडकोची, काही मैदानं महापालिकेकडे गेलेली, काही शाळांना भाडेपट्ट्याने दिलेली. 'आम्ही तिथे पंधरा वर्षं खेळतो' याला कागदावर किंमत नाही. भाडेपट्टा किंवा लेखी करार असेल तरच त्या योजनेच्या मागे लागा. खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून कुंपण किंवा चेंजिंग रूम होऊ शकते, संघाचा दौरा होऊ शकत नाही. दौऱ्यासाठी महापालिकेचा क्रीडा विभाग, जिल्हा संघटना आणि कंपन्या हेच मार्ग उरतात.

महापे-रबाळे पट्ट्यात कंपन्या भरपूर आहेत, म्हणून सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्चायच्या पैशाबद्दल, थोडं जास्त लिहितो. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांचं प्रशिक्षण बसतं, फुटबॉल त्यात येतो. 'प्रशिक्षण' हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्षभराचं प्रशिक्षण केंद्र सीएसआरमध्ये मांडता येतं. जर्सीवर कंपनीचं बोधचिन्ह आणि मैदानभर तिचे फलक असलेली एक दिवसाची स्पर्धा ही जाहिरात ठरते. विपणनाच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही, असं नियमातच आहे. म्हणून कंपनीशी पहिल्याच भेटीत विचारा, पैसे सीएसआरमधून देणार की मार्केटिंगमधून? सीएसआर असेल तर तुमचा सीएसआर-1 क्रमांक (सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेचा नोंदणी क्रमांक), आयकराच्या 12-एबी आणि 80-जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आणि किमान तीन वर्षांचं तसंच काम लागेल. मार्केटिंग असेल तर ते प्रायोजकत्व, त्यावर जीएसटीचा प्रश्न येतो, तेव्हा करारावर सही करण्याआधी सीएला दाखवा. एकाच पत्रात दोन्ही मिसळलं की कंपनीचा लेखापरीक्षक सहा महिन्यांनी पैसे परत मागतो.

आता एक दौरा आकड्यांत मांडून पाहू. दर समजण्यासाठी धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला. 18 खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक, फिजिओ मिळून 21 जण, कोल्हापूरला पाच दिवस. महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाऊन-येऊन प्रत्येकी 700, एकूण 14,700. सात खोल्या, चार रात्री, 1,500 दराने 42,000. जेवण 21 जणांचं, पाच दिवस, 400 दराने 42,000. किट 18 जणांचे, 900 दराने 16,200. स्थानिक बस आणि औषधं 8,000. बेरीज 1,22,900. समजा 80,000चं अनुदान मंजूर झालं आणि शीर्ष आहेत प्रवास, निवास, भोजन. प्रवास आणि निवासाचे 56,700 पूर्ण अनुदानातून दाखवा. उरलेले 23,300 भोजनात. भोजनाचे बाकी 18,700, किट आणि बस-औषधं मिळून 42,900 प्रायोजकाकडून किंवा वर्गणीतून.

जेवणाचं 42,000चं बिल आता दोन ठिकाणी विभागलं. त्या व्हाउचरवरच लाल शाईने लिहा: "अनुदान 23,300, प्रायोजक 18,700". मूळ बिल अनुदानाच्या फाइलला, शिक्का मारलेली प्रत प्रायोजकाच्या फाइलला. हे लिहिलं नाही आणि तेच पूर्ण बिल दोघांकडे गेलं तर कागदावर ती एकाच खर्चाची दुहेरी वसुली होते. हेतू स्वच्छ असला तरी लेखापरीक्षकाला कागद दिसतो, हेतू दिसत नाही.

त्या व्हाउचरला काय जोडलेलं हवं तेही पाहा. खाणावळीचं छापील बिल, क्रमांक आणि तारखेसह. 21 जणांची यादी, नावापुढे दिवसागणिक सही. पैसे बँकेतून गेल्याचा व्यवहार क्रमांक. "भोजन खर्च, 20 मुले, रोख 42,000" असं कोऱ्या कागदावर लिहून व्यवस्थापकाने सही केलेलं व्हाउचर नामंजूर होतं. रेल्वेची तिकिटं एकत्र आरक्षणाची असली तर प्रवाशांची यादी छापून ठेवा, प्रवास झाल्यावर ती सहज मिळत नाही. रुग्णवाहिकेच्या बिलावर गाडीचा क्रमांक आणि तास हवेत. मैदानाची परत मिळणारी अनामत खर्चात धरू नका, ती येणं आहे. ही चूक जवळपास प्रत्येक पहिल्या फाइलमध्ये असते. रेफरी, दोन साहाय्यक आणि चौथा पंच यांचं मानधन देताना प्रत्येकाची वेगळी पावती आणि पॅन घ्या. चौघांचे पैसे एकाच्या हातात देऊन एकच सही घेतली तर तीन जणांचा खर्च उडतो.

पैसे खर्च झाले की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला. केंद्राच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम 2017चा 12-ए नमुना लागतो, राज्य किंवा महापालिकेचा नमुना मंजुरीच्या आदेशासोबत येतो. 12-ए मध्ये सुरुवातीची शिल्लक, त्यावरचं व्याज, परत भरलेलं व्याज, वर्षात आलेलं अनुदान, खर्च, अखेरची शिल्लक असे रकाने आहेत. व्याजाचा रकाना लोक शून्य लिहून मोकळे होतात. 80,000 रुपये 3 टक्क्यांच्या बचत खात्यात तीन महिने पडून असतील तर 600 रुपये व्याज आलं आहे, ते पासबुकात दिसतं, आणि ते सरकारचं आहे. ते दाखवून परत भरा. शून्य लिहिलेलं प्रमाणपत्र परत येतं, तोवर पुढच्या वर्षाचा हप्ता थांबतो. म्हणूनच अनुदानासाठी वेगळं खातं उघडा. एकाच खात्यात पालकांची फी, वर्गणी आणि अनुदान असेल तर व्याज वेगळं काढताना सीएचे दोन दिवस जातात. प्रमाणपत्राची मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने असली तरी स्पर्धा संपल्यावर महिनाभरात तयार करा, कारण खाणावळवाला आणि बसवाला तेव्हाच आठवतात.

कारभाराबद्दल दोन गोष्टी. पहिली, हितसंबंध. प्रशिक्षकाच्या भावाचं क्रीडासाहित्याचं दुकान असतं, किट तिथूनच येतात, दर बरा असतो. तरी तीन दरपत्रकं घ्या, त्या बैठकीत प्रशिक्षक मतदानाला बसले नाहीत असं इतिवृत्तात लिहा. वरच्या पातळीवर न्यायालयांपर्यंत गेलेल्या वादांची सुरुवात अशाच न लिहिलेल्या गोष्टींतून होते. दुसरी, मुलांची सुरक्षितता. दौऱ्यावर मुली असतील तर महिला व्यवस्थापक हवीच, खोल्यांची वाटणी लेखी हवी, तक्रार कुणाकडे करायची ते पालकांना आधी कळवलेलं हवं. अनुदानाचा अर्ज तपासताना हे कुणी विचारो न विचारो, हे कराच.

माहितीच्या अधिकाराबद्दलही तुमच्या मनात असेल. नव्या कायद्याने केंद्राचं अनुदान घेणारी मान्यताप्राप्त क्रीडा संघटना त्या पैशाच्या विनियोगापुरती माहिती अधिकाराखाली आणली आहे. राज्य किंवा जिल्हा संघटनेला मिळालेल्या पैशाची माहिती हवी असेल तर संघटनेशी वाद घालण्यापेक्षा ज्या कार्यालयाने पैसा दिला त्याच्याकडे अर्ज करा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. अर्जात नेमकं मागा: अमुक वर्षाचा मंजुरी आदेश, उपयोगिता प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं खर्चाचं विवरण. "फुटबॉलवर किती खर्च केला" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येतं.

तुमच्या बाबतीत सुरुवात इथून करा. या आठवड्यात ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा प्रमाणित उतारा काढा आणि त्यावरची नावं आजच्या कार्यकारिणीशी ताडून पाहा. नावं जुळली तर जिल्हा संघटनेची संलग्नता आणि सीआरएसकडे वळा. जुळली नाहीत तर मागच्या कोणत्या सभेपासून फरक पडला ते शोधा आणि त्या सभेची सूचना, हजेरीपट व इतिवृत्त एका फाइलला लावा, पहिला चेंज रिपोर्ट तिथपासून सुरू होईल.